सूत कोणाचे, नाव कोणाचे?

(सोलापुरात हस्तकला कारागीर आणि महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘हस्तकलेकडून लघुउद्योगाकडे’ हा विषय आयोजकांनी माझ्याकडे सोपवला आहे. सोलापुरात या विषयावर बोलणे थोडे धाडसाचेच आहे. ज्या गावाच्या नावाने चादर ओळखली जाते, त्या गावाला उद्योगाचे पाठ लेखणी चालवणाऱ्या माणसाने द्यावेत, यात औचित्य नाही. म्हणून मी उपदेश करणार नाही. पत्रकार म्हणून या क्षेत्राकडे पाहताना जो प्रश्न मला महत्त्वाचा वाटत आला आहे, तो आपल्यासमोर ठेवणार आहे. तो प्रश्न असा की, कारागिराच्या हातातले सूत कोणाचे असते आणि तयार मालावरचे नाव कोणाचे असते?

या प्रश्नाच्या उत्तरावर कारागीर मजूर राहणार की उद्योजक होणार, हे ठरते. कौशल्य दोघांकडे सारखेच असते. किंबहुना मजूर राहिलेल्याच्या हातात पुष्कळदा अधिक कला असते.

मागाने गिरणी पाहिली

सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली समाज तेलंगणातून आला. दुष्काळाने, रोजगाराच्या शोधाने ही मंडळी इकडे वळली आणि येथेच रुजली. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, असे या समाजाचे जीवन या शहराशी एकरूप झाले. १८७०च्या दशकात येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. तिला आपण जुनी मिल म्हणतो. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारे हे शहर झाले. नंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगे थांबले. हातमाग मात्र गिरण्यांच्या आधी होता आणि त्यांच्या नंतरही, क्षीण होऊन का होईना, उरला.

परंतु जो उरला, तो कोणत्या अवस्थेत उरला? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ साली सोलापुरातील विणकर समाजांविषयी काकडे यांची सामाजिक-आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली होती. त्या काळच्या अशा अभ्यासांतून जे चित्र दिसते, ते मोठे बोलके आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या मागावर विणणारा स्वतंत्र विणकर हळूहळू कारखानदाराच्या मागावर जाऊन बसला. सूत व्यापाऱ्याचे, माल व्यापाऱ्याचा आणि विणकराच्या वाट्याला नगावर मजुरी. लग्नकार्याला, आजारपणाला उचल घ्यायची आणि ती फेडता फेडता पुन्हा उचल घ्यायची. कारखानदारालाही मी सरसकट दोष देत नाही. मंदीत माल अंगावर घेण्याचा धोका तोच पत्करत होता. पण धोका ज्याचा, धनीपण त्याचे, हा व्यवहाराचा नियम आहे. विणकराचा धोका टळला आणि त्याबरोबर त्याचे स्वामित्वही गेले.

आज तरी चित्र बदलले आहे का? देशातील हातमाग विणकर आणि पूरक कामगारांची संख्या २००९-१०च्या गणनेत ४३ लाखांहून अधिक होती. २०१९-२०च्या चौथ्या गणनेत ती ३५ लाखांवर आली. दहा वर्षांत सुमारे ८ लाख माणसे मागावरून उठली. जी राहिली, त्यांच्यापैकी बहुसंख्य कुटुंबांची मासिक मिळकत ५ हजार रुपयांच्याही आत होती. ज्या धंद्यात बापाला पोट भरता येत नाही, त्या धंद्यात मुलगा कशासाठी बसेल? कला टिकवा, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. त्या मुलाला मागावर बसण्याचे कारण देणे अवघड असते.

हिशेबात न धरलेली बाई

उद्योजक होण्याची पहिली पायरी भांडवलाची नसून हिशेबाची आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. सोलापुरात हातमागावर देवदेवतांची, संतांची, महापुरुषांची चित्रे विणली जातात. त्यांना आपण वॉल हँगिंग म्हणतो. समजा, अशा एका चित्राला ५०० रुपयांचे सूत लागले आणि विणायला चार दिवस गेले. चित्र २,००० रुपयांना विकले. कारागीर समाधानाने म्हणतो, दीड हजार सुटले.

खरोखर सुटले का? चार दिवसांची मजुरी रोजी ४०० रुपयांनी धरली तरी १,६०० होते. कांड्या भरणे, सूत उकलणे, कडेचे गोंडे बांधणे हे काम घरातील बाईने केले. तिचा एक दिवस, म्हणजे आणखी ४००. वाया गेलेले सूत, मागाची दुरुस्ती, दिवाबत्ती आणि जागेचे २००. सुतासह एकूण २,७०० झाले. म्हणजे ७०० रुपये खिशातून घालून आपण ते चित्र ग्राहकाला दिले. नफा, उधारीत अडकलेला पैसा आणि न खपलेला माल अजून आपण धरलेलाच नाही.

हा तोटा कोण सोसते? ज्या बाईचे श्रम हिशेबात धरलेच नाहीत, ती सोसते. चौथ्या हातमाग गणनेनुसार देशातील विणकरांत ७२ टक्के स्त्रिया आहेत. त्यात ईशान्येकडील राज्यांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे बहुधा मागावर पुरुष बसतो आणि पूर्वतयारीचे सारे काम बाई करते. तिच्या कामाला आपण ‘घरचेच आहे’ म्हणतो. घरचे म्हणून जे फुकट धरले जाते, त्याच्या जोरावर बाजारात माल स्वस्त होतो. म्हणून माझी पहिली विनंती आहे की, आजपासून एक वही घाला आणि तिच्यात पहिले नाव घरच्या लक्ष्मीचे, तिच्या रोजासह लिहा.

याच शहरात चंद्रिका चौहान यांनी उभी केलेली ‘उद्योगवर्धिनी’ संस्था सामान्य घरांतील स्त्रियांना शिवणकाम, खाद्यपदार्थ अशा उद्योगांतून पायावर उभे करण्याचे काम करीत आली आहे. मुंबईत १९५९ साली सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी नोकर नसून मालक आहे. एकेकट्या कारागिराला सूत घाऊक भावाने मिळत नाही आणि मोठी मागणी पुरवता येत नाही. दहा जण एकत्र आले, तर दोन्ही जमते. मात्र एकत्र येताना मापात, रंगात, वजनात एकवाक्यता हवी. पहिला तुकडा सुरेख आणि दहावा सैल, असे झाले की ग्राहक पुन्हा फिरकत नाही.

नावाची राखण

आता दुसरा अर्धा प्रश्न, नावाचा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. देशात हा कायदा २००३ साली अमलात आला आणि पहिल्या काही नोंदींतच सोलापूरचा समावेश झाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण नोंदणीचा कागद भिंतीवर लावून नावाची राखण होत नाही. अन्यत्र विणलेल्या हलक्या चादरीवर ‘सोलापुरी’ असा शिक्का मारून ती विकली जाते, हे येथील प्रत्येक व्यापारी जाणतो. या कायद्यात मूळ नोंदणीखेरीज प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावयाची असते. ती केली की नकली मालाविरुद्ध उभे राहण्याचा अधिकार त्याला स्वतःला मिळतो. ज्याने ही नोंद केली नाही, त्याच्या घराला कुलूप आहे पण किल्ली त्याच्याजवळ नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सोलापुरी चादर आज मुख्यतः यंत्रमागावर, जेकार्डच्या साहाय्याने विणली जाते. तिचे मोल त्याने कमी होत नाही, परंतु तिच्याशी हातमागाने भावात झुंजणे म्हणजे बैलगाडीने रेल्वेशी शर्यत लावणे आहे. यंत्र एकाच नक्षीच्या हजार चादरी स्वस्तात देते. एका माणसासाठी एकच वस्तू विणणे त्याला परवडत नाही. एखाद्याला आजोबांचे छायाचित्र विणून हवे आहे, एखाद्या देवस्थानाला स्वतःचे महावस्त्र हवे आहे. तेथे हातमागच लागतो. हातमागाचे क्षेत्र ते आहे. हाताने विणलेल्या वस्त्राची ओळख पटावी म्हणून २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ उपलब्ध आहे. तो लावा. त्यासोबत एक छोटी चिठ्ठी जोडा. विणणाऱ्याचे नाव, गाव, लागलेले दिवस, इतके पुरे. ग्राहक वस्तूबरोबर माणूसही ओळखू लागला की घासाघीस आपोआप कमी होते.

हे केवळ सुतापुरते नाही. आपल्या जिल्ह्यातील सांगोला-मंगळवेढ्याकडे आणि लगतच्या माणदेशात घोंगडी विणली जाते. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ आणि सणगर बांधवांचा खड्डामाग, असा हा मेळ आहे. आज त्या लोकरीला इतका कमी भाव येतो की मेंढपाळाला कातरणीचा खर्चही निघणे कठीण होते. घोंगडी संपली तर एक कारागीर संपणार नाही. कातरणारा, सूत काढणारी, विणणारा अशी सारी साखळी तुटेल. काही सुशिक्षित तरुणांनी अलीकडे घोंगडी थेट शहरातील ग्राहकांपर्यंत नेली आहे. मोबाइलवर छायाचित्र पाहून मागणी येते. हा मार्ग चांगला आहे. मात्र विकणाऱ्याने विणणाऱ्याचे नाव पुसू नये. अन्यथा जुन्या दलालाच्या जागी नवा दलाल, एवढाच फरक होईल.

कायदा आणि योजना

सरकारी योजनांविषयी थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, टोपल्या-केरसुण्या करणारे असे १८ व्यवसाय आहेत. त्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. त्या १८ व्यवसायांत हातमाग विणकर नाही. त्याच्यासाठी वस्त्रोद्योग खात्याच्या वेगळ्या योजना आहेत. अर्ज करण्यापूर्वी हा भेद समजून घ्या, म्हणजे हेलपाटे वाचतील.

कर्जापेक्षाही कारागिराला मारते ती उधारी. दुकानदार माल ठेवून घेतो आणि ‘विकला की देतो’ म्हणतो. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघुउत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६चा कायदा सांगतो. विलंब झाल्यास व्याज द्यावे लागते. नोंदणी विनामूल्य आहे. मात्र त्यासाठी माल विकतच गेला पाहिजे आणि त्याचे बिल झाले पाहिजे. चिठ्ठीवर दिलेल्या मालाला कायदाही हतबल असतो.

आपला आहेर

शेवटचे मागणे कारागिरांकडे नाही, ते येथे श्रोते म्हणून आलेल्या तुम्हा-आम्हा मध्यमवर्गीयांकडे आहे. ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस २०१५ पासून साजरा होतो. १९०५ साली त्याच दिवशी कोलकात्यात स्वदेशीची हाक दिली गेली होती. स्वदेशीविषयी आपण आदराने बोलतो. परंतु आपल्या प्रत्येक कार्यक्रमात शाल-श्रीफळ असते. ती शाल कोठे विणली, हे कोणी कधी विचारतो का? बहुतेक वेळा ती कृत्रिम धाग्याची, यंत्रावरची असते. सत्कारमूर्ती ती घरी नेऊन दुसऱ्या सत्कारासाठी ठेवून देतात. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर होतो, तोही हातात घेतल्यावर विरळ लागतो. एकाच वापरात विरणाऱ्या दहा वस्तूंपेक्षा हाताने विणलेली एक वस्तू द्यावी. संस्थांनी वर्षभराच्या सत्कारांची मागणी आधीच एखाद्या विणकर गटाकडे नोंदवावी आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. त्या आगाऊ रकमेतून तो स्वतःचे सूत विकत घेईल. या एका कृतीने सूत त्याचे होईल आणि उचलीची गरज उरणार नाही.

भाव करताना मात्र हात आखडता घेऊ नका. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, विणकराच्या दारात शंभर रुपयांसाठी अर्धा तास घालवतो. ते शंभर रुपये त्याच्या मुलाने मागावर बसावे की बसू नये, याच्या निर्णयात मोजले जातात.

सूत त्याचे, माग त्याचा आणि वस्तूवर नाव त्याचे, एवढे साधले तर सोलापूरचा कारागीर कोणाच्या दयेवर राहणार नाही. ते साधण्याचे अर्धे काम त्याच्या वहीत आहे आणि अर्धे आपल्या खरेदीत आहे. दोघांनीही ते आजपासून हाती घ्यावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.