वाडीतला पंप, ऑटो ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंग
(गिरीज, ता. वसई येथील बागायतदारांपुढे दिलेले व्याख्यान)



मी सस्यशास्त्राचा शिक्षक आहे, विजेचा तंत्रज्ञ नाही. तरीही आज केळीच्या खतमात्रेऐवजी पंपाच्या खोलीविषयी बोलणार आहे. वसईच्या वाडीतून रहाट गेला आणि विजेचा पंप आला. पाटाच्या ओलीत अनवाणी उभे राहून स्टार्टरचे बटण दाबणे आपल्या अंगवळणी पडले आहे. धोका नेमका तेथेच आहे.

विजेचा दाब कमी मिळाला की काही जण 'बूस्टर' बसवतात. हा बूस्टर बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेगळ्या गुंडाळ्या असतात. ऑटोमध्ये एकच गुंडाळी असून तिच्यातून मध्येच तार काढलेली असते. त्यामुळे तांबे कमी लागते आणि किंमतही कमी पडते. मात्र येणारी आणि जाणारी वीज एकमेकींपासून अलग होत नाही. 'ट्रान्सफॉर्मर आहे, आता धक्का बसणार नाही' हा समज म्हणून चुकीचा आहे.

एक हिशेब पाहा. ३४० व्होल्टचे ४०८ करणारा बूस्टर दाब १.२ पट वाढवतो. रात्री शेजारचे पंप बंद होऊन लाईनमध्ये ४१५ व्होल्ट आले, तर मोटारीवर ४९८ व्होल्ट पडतात आणि मोटार जळू शकते. शिवाय बूस्टर लाईनमधून जास्त प्रवाह ओढतो, म्हणजे शेजाऱ्याचा दाब आणखी उतरतो. यापेक्षा मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर आधी बसवावा. त्याने लाईनवरचा प्रवाह कमी होतो.

ऑटो ट्रान्सफॉर्मर स्टार्टरची गोष्ट वेगळी आहे. तीनच तारा बाहेर काढलेल्या मोठ्या पाणबुडी पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर जोडता येत नाही. तेथे हा स्टार्टर उपयोगी पडतो. ६५ टक्क्यांच्या टॅपवर सुरुवातीचा लाईन प्रवाह थेट सुरू करण्याच्या सुमारे ४२ टक्के राहतो. पण मोटारीचा जोरही तेवढाच उतरतो. म्हणून टॅप मनाने बदलू नये. मोटार उचलत नसेल तर बटण दाबून धरू नये, गुंडाळी तापून जळते.

आता नियमाकडे वळू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. २५० ते ६५० व्होल्टमधील मोटारीची बॉडी, ट्रान्सफॉर्मर आणि स्टार्टरचे धातूचे भाग दोन वेगवेगळ्या जोडण्यांनी जमिनीशी जोडावेत, ही अट १९५६ पासूनची आहे. एक तार तुटली तरी दुसरी जीव वाचवते, हे तिच्यामागचे कारण आहे. विहिरीचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे.

घरी गेल्यावर एवढे करा :

१. मोटार, स्टार्टर आणि बूस्टर यांच्या प्रत्येकी दोन अर्थ तारा मोजा.

२. वाळूमिश्रित जमीन उन्हाळ्यात लवकर सुकते. अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

३. अर्थ लीकेज ब्रेकर बसवा आणि दर महिन्याला त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहा.

४. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. ओव्हरलोड रिले बांधून ठेवू नका.

५. जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

केळीचा एखादा घड वाया गेला तर पुढच्या हंगामात भरून निघतो. बटण दाबणारा हात मात्र पुन्हा मिळत नाही. पाणी सोडण्यापूर्वी पायांत कोरडी रबरी चप्पल घाला आणि मगच स्टार्टरकडे जा.