आठशे शहाण्णवची बेरीज

(वार्षिक सभेतील भाषणाचा संपादित मजकूर)



‘संगणक, आंतरजाल आणि मराठी’ या विषयावर मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. निपाणीच्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि रात्री जेवणानंतर तासभर प्रोग्रॅम लिहीत बसणे हा छंद. कुणी तबला वाजवतो, कुणी बुद्धिबळ खेळतो, तसेच हे. तेव्हा मी मांडतो आहे ती एका छांदिष्टाची मते आहेत. ती सीमाभागात बसून बनली, एवढेच त्यांचे वेगळेपण.

आमच्याकडे दोन लिप्या रोज डोळ्यांपुढे असतात. बसची पाटी कन्नड, लग्नपत्रिका मराठी, जमिनीचा उतारा कन्नड, देवळातला फलक मराठी. कन्नड कानाने कळते पण वाचता येत नाही, अशी माणसे घरोघर आहेत. त्यामुळे हाताला प्रोग्रॅमिंग लागल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा : कन्नड अक्षरे संगणकाकडून देवनागरीत लिहून घेता येतील का?

उत्तर अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक कायमचा आकडा दिलेला असतो. देवनागरी ‘क’चा आकडा २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. वजाबाकी करा, ८९६ येतात. ‘ळ’ घ्या : देवनागरी २३५५, कन्नड ३२५१. पुन्हा ८९६. जवळजवळ सगळ्या मुळाक्षरांचे आणि काना-मात्रांचे असेच. म्हणजे कन्नड मजकुरातल्या प्रत्येक आकड्यातून ८९६ वजा केले, की तो देवनागरीत उभा राहतो. सात-आठ ओळींचे काम.

हा योगायोग नव्हे. आपल्याकडे ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली तयार झाली होती आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. आपल्या लिप्या ब्राह्मीच्या कुळातल्या, वर्णमालेचा क्रम एकच, मग संगणकातली मांडणीही एकच ठेवावी, हा तिचा विचार. युनिकोडने भारतीय लिप्यांसाठी तिचाच १९८८ चा आराखडा पायाला घेतला. ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकही त्याच विचाराचा. मराठी ‘क’ ज्या कळीवर, कन्नड ‘क’ त्याच कळीवर. बेळगावातल्या ज्या मुलाला एक टंकलेखन येते, त्याला दुसरे अर्धे आलेलेच असते. शाळांतून हे कुणी सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

आता या बेरीज-वजाबाकीची मर्यादा सांगतो, कारण खरी भाषा तिथे सुरू होते. प्रोग्रॅम तपासायला मी पहिले नाव घातले ते आपल्याच शहराचे. कन्नडमध्ये ‘बेळगावि’ लिहिताना पहिला एकार ऱ्हस्व असतो. आकडा वजा केल्यावर त्या जागी देवनागरीतली अशी एक मात्रा आली, जी मराठी वाचकाने कधी पाहिलेली नसते. दुसरे नाव निपाणीचे. कन्नडमध्ये त्यात ‘प’चे द्वित्व आहे, म्हणून ‘निप्पाणि’ आले. उलट दिशेने, मराठीतला ‘ऑ’ कन्नडमध्ये न्यायला गेलो तर ३२१७ हा आकडा निघाला आणि युनिकोडच्या कन्नड तक्त्यात ती जागा रिकामी आहे. ‘ॲ’ तर भलत्याच चिन्हावर जाऊन बसतो.

यंत्र आपल्याला गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडते. पुढचे घर माणसानेच दाखवावे लागते. मी गावांच्या आणि आडनावांच्या याद्या हाताने केल्या. कन्नड असे तर मराठी असे, एकेक ओळ. त्या यादीवर माझा प्रोग्रॅमपेक्षा दसपट वेळ गेला, आणि उपयोग होतो तो त्या यादीचाच. शेजारच्या मामींना त्यांच्या उताऱ्यातली नावे मी अशी वाचायला दिली. भाषा कन्नडच होती, अक्षरे तेवढी ओळखीची. सासऱ्यांचे नाव, गट नंबर, हद्दीचा शेजारी, त्यांनी स्वतः वाचले. एरवी त्यासाठी त्यांना कुणाच्या तरी तोंडाकडे बघावे लागे, आणि वाचून दाखवणारा काय गाळतो ते कळायला मार्ग नसे.

दुसरी गोष्ट मराठीतल्याच एका अक्षराची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर शाळेपासून ठाऊक आहे. हा आडवा अर्धा ‘र’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आकडे मात्र वेगळे. साध्या शोधयंत्रात एका तऱ्हेने ‘दऱ्या’ शोधला तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला सापडत नाही. ग्रंथालयाची सूची दोघांनी दोन कळफलकांवर भरली असेल, तर अर्धी पुस्तके कपाटात असून नसल्यासारखी. शोधण्याआधी सगळा मजकूर एका तऱ्हेत आणणे हा त्यावरचा उपाय, आणि तो दहा मिनिटांचा आहे.

हे मला एका अनोळखी माणसाने कित्येक वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाखालच्या उत्तरात सापडले. अडलो तेव्हा ज्याने हात दिला तो बेंगळुरूचा कन्नड प्रोग्रॅमर होता, कारण कन्नडमध्येही हेच दुखणे आहे. ‘रॅंक’ हा शब्द कन्नडमध्ये नीट उमटायला ‘र’च्या शेजारी तेच न दिसणारे जोडचिन्ह लागते. आपण ते हलन्तानंतर घालतो, ते हलन्ताआधी घालतात. सीमावाद १९५६ पासून चालू आहे आणि त्यात माझी बाजू काय, हे आपल्याला विचारावे लागणार नाही. पण जोडचिन्ह कुठे घालायचे, याची दोन रात्री चर्चा झाली तेव्हा आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. कामच तसे होते.

यावरून आंतरजालावरच्या मंडळींविषयी माझी दोन मते बनली आहेत.

पहिले, उत्तर जिथे टिकते तिथेच द्यावे. ‘मायबोली’ १९९६ पासून आहे, मराठी विकिपीडिया २००३ पासून. तिथे लिहिलेले पुढच्या माणसाला शोधून सापडते. व्हॉट्सॲपच्या गटात मदत झटपट मिळते, हे खरे. पण सकाळपर्यंत ती सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न नव्याने येतो. गटात मिळालेले चांगले उत्तर कुणीतरी उघड्या पानावर नेऊन ठेवावे. हे काम बिनमोलाचे आहे आणि त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही.

दुसरे, विचारणाऱ्याच्या भाषेला हसू नये. आमच्याकडचा मुलगा ‘काय करूलालास?’ असे विचारतो. शुद्धलेखन तपासनीस त्या ‘करूलालास’खाली लाल रेघ मारतो. यंत्राचा दोष नाही. त्याला दिलेल्या शब्दयादीत बेळगाव नाही. पण माणसेही तशीच लाल रेघ मारतात, तेव्हा तो मुलगा पुढचा प्रश्न इंग्रजीत विचारतो, नाहीतर विचारतच नाही. मराठीत प्रश्न विचारणारा एक माणूस आपण असा घालवतो, आणि प्रश्नच नसतील तर मराठीत उत्तरे तरी कुणासाठी लिहायची?

शेवटी अकादमीकडे काही मागणे आहे. आमच्या भागातल्या वाचनालयांच्या, मंडळांच्या, नाट्यसंस्थांच्या स्मरणिका नव्वदच्या दशकापासून संगणकावर जुळवलेल्या आहेत. पण त्या जुन्या फॉन्टांत. त्या फॉन्टांत मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर बसवलेले असे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो सोडवता येतो. कुठले चित्र कुठल्या आकड्यावर, याचा तक्ता लागतो. मग पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते ती मागे सरकवायची, रफार अक्षरानंतर असतो तो पुढे आणायचा. हे छांदिष्टांना जमण्याजोगे आहे. आम्हाला हव्या आहेत त्या फाइली. ज्यांच्या संगणकांत त्या आहेत, ते जुळारी आता निवृत्त होत आहेत आणि संगणक भंगारात चालले आहेत.

अकादमीने पत्र काढून या फाइली मागवाव्यात. रूपांतर झालेला मजकूर साध्या स्वरूपात, कुणालाही वापरता येईल अशा परवान्याने खुला ठेवावा. त्यातून सीमाभागातल्या शब्दांची यादी निघेल आणि ती तपासनीसाला देता येईल. या वर्षी निदान बेळगाव आणि निपाणीतल्या दहा संस्थांपासून सुरुवात करू. रूपांतराचे काम मी आणि माझे चार मित्र विनामूल्य करू. रात्री जेवणानंतर एक तास, एवढा वेळ आमच्याकडे आहे.