गाढवाला गुळाची चव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘गाढवाला गुळाची चव काय?’ असे आपण सहज म्हणून जातो. ही म्हण काढणाऱ्याने गाढवाला कधी औषध दिले नसावे. मी वर्षभर रोज सकाळी देत आहे. गुळाची चव तर त्याला असतेच; पण गुळात दडवलेली कडू पूडही त्याला ताबडतोब कळते.

आमच्याकडची चंपी पूर्वी विटा वाहत असे. उतारवयात तिच्या खुरांना कायमचे दुखणे जडले आणि डॉक्टरांनी रोजचे औषध लावून दिले. आपली गोराई पडली खाडीपलीकडे. तरीतून बोरिवली गाठा, नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा घ्या. डॉक्टर रोज कोठून येणार? तेव्हा सासूबाईंच्या काढ्यांबरोबर आणि मुलांच्या औषधांबरोबर हेही काम घरच्या बाईकडे आले.

गाढव हट्टी नसते, सावध असते. घोडा भ्याला की उधळतो. गाढव जागीच थांबून अंदाज घेते. नवखा वास आला की तोंड फिरवते. अशा वेळी सगळ्या चाऱ्यात औषध कालवले तर ते चाराच सोडते, आणि खरा धोका तेथेच आहे. गाढव एकदोन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते, यकृत बिघडते आणि जनावर दगावू शकते. लठ्ठ, वयस्क आणि गाभण माद्यांना हे भय अधिक. शिवाय गाढव आपले दुखणे सहसा दाखवत नाही. म्हणून ते नुसते गप्प उभे राहिले, खाईनासे झाले, तर ‘उद्या पाहू’ न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

मी करते ते असे. चार-पाच दिवस औषधाविनाच पिकल्या केळ्याचा छोटा घास, ठरल्या वेळी, हातावर द्यावा. विश्वास बसला की तीन घास करावेत: पहिला साधा, दुसरा औषधाचा, तिसरा पुन्हा साधा. तिसरा घास डोळ्यांसमोर दिसला की दुसरा झटपट गिळला जातो. केळे ओळखू लागली तर भाकरीचा तुकडा, किसलेले गाजर किंवा गुळाचा खडा, असा बदल करावा. गूळ मात्र बेताने; फार गोडाने गाढव लठ्ठ होते आणि खुरांचे दुखणे वाढते. जोडीचे जनावर असेल तर त्याला नजरेआड करू नये. सोबती दिसला नाही की गाढव बेचैन होते.

घास नाहीच घेतला, तर डॉक्टरांकडून पिचकारी वापरायला शिकून घ्यावे. आधी काही दिवस तिच्यातून नुसते गुळाचे पाणी द्यावे, म्हणजे तिचे भय राहत नाही. मान वर ओढून बाटलीने औषध ओतणे मात्र वाईट. ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला अपाय होतो.

आणखी दोन गोष्टी. गोळी कुटण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि घोड्याचे प्रमाण गाढवाला लावू नये. काही औषधे गाढवाच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात. घरातली आपली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नये. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मेली, म्हणून सरकारने २००६ साली जनावरांसाठी ते बंद केले.

कोणी म्हणेल, एका गाढवासाठी एवढा खटाटोप कशाला? २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये उरली सुमारे १ लाख २० हजार. ज्यांच्या पाठीवरून आपल्या घरांच्या विटा आल्या, त्यांचे म्हातारपण तरी सुखाचे जावे.

नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ही कथा आपण सर्वजणी जाणतो. पाणी ते आपणहून पिते. औषधाला मात्र आपला धीर लागतो. तो आपल्या बायकांजवळ पुष्कळ आहे. कोणाच्या दारी असे जनावर असेल तर त्यांनी जरूर यावे. घास कसा करावा ते मी आनंदाने दाखवीन.