दिवा नसलेला पाडवा

२०२३ साली आमच्या घरी गुढी उभारली नाही. आदल्या आश्विनात आई गेली होती. वर्षाच्या आत सण करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पण रिकामी खिडकी, आणि शेजाऱ्यांच्या गुढ्या दिसत असताना घरात नुसतं बसून राहणं मला झेपेना. मग मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक असे तिघं बालीला गेलो. खरं सांगायचं तर सण चुकवायला गेलो.

तिथे पोहोचल्यावर कळलं, की २२ मार्चला, बरोबर आपल्या पाडव्यालाच, बालीचं नववर्ष आहे. त्यांचंही शकच, शके १९४५. जावा-बालीकडे हिंदू संस्कृती गेली तेव्हा हे शकही तिकडे गेलं, आणि बालीत अजून चालू आहे. दर वर्षी दोन्ही दिवस जुळतात असं नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्यांचं नववर्ष ११ मार्चला आलं आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. नेमका आम्ही पळून गेलो त्या वर्षीच जुळला!

या दिवसाला ते 'न्येपी' म्हणतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अग्नी नाही, काम नाही, घराबाहेर पडणं नाही, करमणूक नाही. विमानतळ पूर्ण २४ तास बंद. मोबाइलचं इंटरनेटसुद्धा २०१८ पासून या दिवशी बंद ठेवतात. आणि हो, रेडिओही बंद. रस्त्यावर फिरतात ते फक्त गावाचे राखणदार, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकटींचं वस्त्र गुंडाळून. पाहुण्यांनाही सूट नाही. त्यांनी आपापल्या हॉटेलच्या आवारात राहायचं.

आम्ही उबुदला एका कुटुंबाच्या घरातच दोन खोल्या घेतल्या होत्या. भिंतीच्या आत मोकळं अंगण, भोवती सुट्ट्या सुट्ट्या खोल्या आणि ईशान्येच्या कोपऱ्यात देवघर. देवघर कसलं, गवती छपरांची पाच-सहा छोटी देवळंच. बायको म्हणाली, "कोपरा बरोबर निवडलाय." आईचाही या कोपऱ्याबद्दल फार आग्रह असे, आमच्या फ्लॅटमध्ये नेमकं तिथे न्हाणीघर आलं, म्हणून ती बिल्डरला कायम नावं ठेवायची.

लेकीचं मात्र लक्ष दुसरीकडेच. घरमालकीणबाई रोज सकाळी नारळाच्या कोवळ्या पानांच्या तळहाताएवढ्या परड्या मांडत. त्यात रंगीत फुलं, चिमूटभर भात, कधी बिस्किटसुद्धा, वर उदबत्ती. देवापुढे, उंबऱ्याशी, स्कूटरवर आणि चक्क रस्त्यावर. याला 'चनांग सारी' म्हणतात. पहिल्याच दिवशी लेकीचा पाय एका परडीवर पडला आणि ती रडवेली झाली. बाई हसल्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी समजावलं, की उदबत्तीच्या धुराबरोबर सार वर गेलं, उरलं ते कोंबडीचं. 'सारी' म्हणजे सारच. तेवढ्यात कोंबडी आली आणि भात टिपून गेली. लेक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, गंमत वाटते आहे.

न्येपीच्या आदल्या संध्याकाळी मात्र सगळं उलटं. बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर घेऊन पोरं गावभर नाचवतात. चौकात आले की गरागरा फिरवतात, म्हणजे भुतांना दिशा कळू नये. थाळ्या, डबे, ढोल, मशाली, नुसता कल्लोळ. लेक माझ्या खांद्यावर बसून ओरडत होती. अशी मोठ्यांदा ओरडलेली मी तिला कित्येक महिन्यांनी ऐकली.

आणि सकाळी उठलो तो चिडीचूप. बाईंनी आमच्यासाठी आदल्या दिवशीच भात-भाजी करून झाकून ठेवली होती. शीतला सप्तमीला आई चूल पेटवायची नाही, तिची आठवण आली. दुपार कशीबशी पत्त्यांविना, टीव्हीविना गेली. सात वाजता अंधार पडला. अख्ख्या बेटावर दिवा नाही, याची मुंबईकराला कल्पना येणार नाही. स्वतःचा हात दिसत नव्हता. आम्ही ओटीवर पडून होतो. वर इतक्या चांदण्या, की लेकीनं विचारलं, "या रोज असतात?"

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, कावळा माझ्यामुळे आला नाही का?"

दहाव्याला नदीकाठी आम्ही पिंड ठेवला, तेव्हा कावळा शिवला नव्हता. तासभर थांबलो. कोणी नातेवाईक म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असणार." लेकीला आम्ही गाडीत बसवलं होतं, लहान मूल, तिला कशाला हे दाखवायचं. पण काच खाली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. श्रावणात आजीनं तिला कहाणी वाचून दाखव म्हटलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर दिसेना. ही खेळात होती. "मग वाचते," म्हणाली, आणि ते राहून गेलं. सहा महिने हे पोरीनं एकटीनं मनात ठेवलं होतं, आणि आम्ही समजत होतो की ती लहान आहे.

मी काय सांगणार? कावळा हा पक्षी आहे, त्या घाटावर आता झाडंच उरलेली नाहीत, हे सगळं सांगता आलं असतं. पण त्या दिवशी मीसुद्धा हात जोडून पुटपुटलो होतो. आईला एकदा तिच्या माहेरच्या घरी, कोकणात न्यायचं कबूल केलं होतं. चार मे महिने सुट्टीचं कारण सांगितलं. ते मी अंधारात लेकीला सांगितलं. "मलाही वाटलं होतं, माझ्यामुळेच." मग बायकोचा आवाज आला, "मलापण." तिचं काय राहिलं होतं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला होता, हेही लेकीला सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. "म्हणजे तुम्ही खोटा कावळा केला?" ती एकदम उठून बसली. "आजीला चालला?" मी म्हटलं, "आजीला फार पाल्हाळ आवडायचं नाही. चालला असेल." यावर ती हसली. दिवा असता तर तिनं विचारलं नसतं, आणि मीही इतकं बोललो नसतो.

सकाळी सहानंतर कुठेतरी एक स्कूटर सुरू झाली. बाई परड्या मांडायला आल्या. लेकीनं आपल्या पिशवीतून साखरेची गाठी काढली. निघण्याआधी खाऊच्या पैशांतून गुपचूप घेतली होती म्हणे. बाईंची परवानगी घेऊन तिनं एक पदक तोडलं आणि परडीत भाताशेजारी ठेवलं. उदबत्ती संपेपर्यंत उकिडवी बसून राहिली. कोंबडी आली, भात खाल्ला, गाठीला चोच लावून निघून गेली. मग मुंग्या आल्या. ओळच्या ओळ. लेक नाश्त्याला आली ती हात धुऊनच, आणि उरलेली गाठी तिनं बाईंना देऊन टाकली. त्यांना ती भलतीच गोड लागली.