पाणावलेले कोरडे डोळे



सत्तरीच्या एक आजी पदरानं डोळे टिपत माझ्यासमोर बसल्या होत्या. तपासून झाल्यावर मी म्हणालो, "आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत." त्यांनी ओला पदर माझ्यापुढं धरला. "डॉक्टर, म्हातारीची थट्टा करता होय? हे काय मग?"

आजींचा राग रास्त होता. पण अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळावर अश्रूंचा एक अगदी पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात बुबुळाला चिकटणारा बुळबुळीत द्रव, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. वयोमानानं किंवा पापण्यांच्या सुजेमुळं या ग्रंथी तुंबल्या, की तवंग विरळ होतो आणि खालचं पाणी भराभर उडून जातं. बुबुळ उघडं पडतं, चुरचुरतं. मेंदूकडे वर्दी जाते आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते बुबुळावर टिकत नाही, गालावर ओघळतं. वारा लागला किंवा बराच वेळ टीव्ही पाहिला, की येणारं पाणी पुष्कळदा याच जातीचं असतं. (अश्रूंची नळी बंद असली तरी पाणी येतं, म्हणून तपासणी हवीच.)

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, चुरचुरणं, दुपारनंतर डोळे जड होणं या तक्रारी बहुतेकांच्या ओळखीच्या असतील. आणखी एक खूण सांगतो. वाचताना अक्षरं धूसर होतात आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. अशा वेळी लोक चष्म्याचा नंबर बदलायला येतात.

तपासणी सोपी आहे. शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली टिपकागदाची पट्टी आम्ही आजही वापरतो. ती खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवायची. ५ मिलिमीटरही भिजली नाही तर पाणीच कमी. दुसऱ्या तपासणीत पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहतात. पापणी मिटल्यानंतर १० सेकंदांच्या आत थर फाटला, तर तो टिकाऊ नाही. आजींची पट्टी चांगली भिजली. थर मात्र चार सेकंदांत फाटला.

एरवी आपण मिनिटाला १५-२० वेळा पापण्या मिटतो. संगणक किंवा मोबाइल पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. त्यात थेट तोंडावर येणारा एसीचा किंवा पंख्याचा वारा, दुचाकीवरचा प्रवास, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, स्त्रियांची पाळी जाण्याचा काळ यांची भर पडते. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. स्वीडनच्या श्योग्रेन यांनी १९३३ साली वर्णन केलेला विकार असू शकतो.

आता माझीच एक चूक सांगतो. एका शिक्षकांना डोळ्यांच्या सुजेसाठी मी स्टेरॉइडचे थेंब दिले होते. चिठ्ठीवर 'आठ दिवस' लिहिलं, पण समोर बसवून बजावलं नाही. थेंबांनी लाली जायची, बरं वाटायचं. त्याच चिठ्ठीवर ते दोन वर्षं बाटल्या घेत राहिले. परत आले तेव्हा डोळ्यातला दाब वाढला होता आणि काचबिंदूनं एका डोळ्याची कडेची नजर गेली होती. ती परत आणता येत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला घरातल्या साऱ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगतो. लाली घालवणारे थेंबही रोज घालण्यासारखे नसतात. मध आणि गुलाबपाणी स्वयंपाकघरातच बरं.

आजींना दिलेला उपाय साधा होता. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं, निवलं की पुन्हा बुडवायचं. मग पापण्यांची कड हलक्या हातानं चोळून पुसायची. पदरावर फुंकर मारून शेकण्यात माया असते, पण ऊब पुरेशी नसते. सोबत कृत्रिम अश्रूंचे थेंब. ते दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर टिकाऊपणाचं रसायन नसलेले मागा. ते रसायनच डोळ्यांना खुपतं. माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बरीच जाहिरात होते, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाहून सरस ठरल्या नाहीत. संगणकाचा पडदा मात्र डोळ्यांच्या रेषेखाली ठेवा. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो.

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर अचानक कमी झाली असेल, तर शेकत बसू नका; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आजी दोन महिन्यांनी आल्या, पदर कोरडा. म्हणाल्या, "पाणी थांबलं हो. पण पाणी थांबवायला डोळ्यांत पाणीच घालते म्हटलं, तर शेजारीण मलाच हसते."