पाचशे तासांतली रात्र



डी.फार्मसीची दोन वर्षं संपली की मुलांना 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते किमान 3 महिन्यांचं असावं आणि त्यातले निदान 250 तास चिठ्ठीवरची औषधं प्रत्यक्ष देण्यात जावेत, असं 1991च्या शिक्षण-नियमावलीनं घालून दिलं. हे तास दिवसाचे की रात्रीचे, याबद्दल नियम गप्प आहे. त्यामुळे आपली पोरं दहाला येतात, पाचला जातात. काहींचे तास तर ओळखीच्या मेडिकलच्या शिक्क्यावरच भरतात. ते कसं, हे समोर बसलेल्या पालकांना मी सांगायला नको.

या पाचशेतले काही तास सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला गेले पाहिजेत, एवढंच मला आज मांडायचं आहे.

साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय घ्या किंवा सांगलीचं वसंतदादा पाटील सिव्हिल. दिवसा अडलं तर विचारायला शेजारी कोणी तरी असतं. रात्री खिडकीत बहुधा एकटाच फार्मासिस्ट. आणि आपल्या भागातली रात्र म्हणजे काय? शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते. मग कृष्णा-वारणाकाठचा शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघतो. बत्तीस शिराळ्यामुळे आपल्याला कौतुक नागाचं. पण सरीत पायाखाली घोणस येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार अंथरुणातच चावते. मण्यारीचा दंश कित्येकदा कळतही नाही. सकाळी पापण्या जड झाल्या की मग धावाधाव.

अशा वेळी वॉर्डातून चिठ्ठी येते : रुग्ण वय वर्षं सहा, सर्पविषाच्या लसीच्या दहा व्हायल. पोरानं वर्गात घोकलेलं असतं की लहान मुलाचा डोस वजनाप्रमाणे कमी. त्याचा हात अडखळतो. तिथं ड्यूटीवरच्या फार्मासिस्टनं सांगावं लागतं की सापानं विष सोडताना वय पाहिलेलं नसतं. उतरवायचं आहे ते विष, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस. कोरड्या भुकटीच्या व्हायलमध्ये 10 मिली पाणी घालायचं, पण बाटली खळखळ हलवायची नाही, फेस होतो. तळहातांत हळू फिरवायची. लस घोड्याच्या रक्तापासून केलेली, तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून तिच्याबरोबर अ‍ॅड्रेनलिन गेलंच पाहिजे. आणि फ्रीज बंद करण्याआधी उरलेल्या व्हायल मोजायच्या, कारण दुसरा रुग्ण पहाटेही येऊ शकतो. पुस्तकात हे सगळं आहे. तीन वाजता, नातेवाईक खिडकी ठोकत असताना ते आठवणं ही वेगळी विद्या आहे.

इन्सुलिनचंही तसंच. व्हायल 40 युनिटचीही असते आणि 100चीही. सिरिंजही त्या-त्या मापाची. 100ची व्हायल आणि 40ची सिरिंज अशी गाठ पडली, तर डोस अडीचपट जातो. झोपेला आलेल्या डोळ्यांना दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

विद्यार्थ्याच्या भरवशावर रात्र सोडा, असं मात्र मी म्हणत नाही. 1948च्या फार्मसी कायद्यानं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला आहे. माणसं कमी आहेत म्हणून फुकटचे हात म्हणून पोरांना राबवायचं असेल, तर ही योजना नकोच.

पालकांची हरकत मला माहीत आहे : मुलीला रात्री कसं पाठवायचं? नर्सिंगच्या मुली शिकता-शिकताच नाइट करतात, आणि त्यांना पाठवणारी घरं आपल्याच गावांतली आहेत. त्यांच्यासाठी वसतिगृह आणि ये-जा यांची सोय झाली, म्हणून ते जमलं. तीच सोय इथं करायची आहे.

सातारा, कराड, सांगली, कासेगाव इथल्या फार्मसी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एक साधं पत्र द्यावं : दर रात्री दोन विद्यार्थी, ड्यूटीवर नोंदणीकृत फार्मासिस्ट, सकाळी वसतिगृहापर्यंत गाडी. यंदाच्या तुकडीपासूनच सुरुवात करा.