दोघांचं घर आणि एकाचं कर्ज



बुलडाणा, चिखली, मेहकरहून संध्याकाळी पुण्याला ज्या ट्रॅव्हल्स सुटतात, त्यांत आपल्या जिल्ह्यातली तरणी पोरं-पोरी बसलेली असतात. कोणी चाकणच्या कारखान्यात, कोणी हिंजवडीत, कोणी दवाखान्यात नर्स. त्यांतले काही जण तिकडे लग्नाशिवाय एका घरात राहतात. गावी सांगताना ‘रूम पार्टनर’ म्हणतात, आणि पार्टनर कोण असं आईनं विचारलं की नेमकी फोनची रेंज जाते. ते बरोबर की चूक, यावर मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते महिन्याच्या एक तारखेबद्दल. त्या दिवशी भाडं, किराणा, लाईट बिल आणि हप्ते एकदम दारात उभे राहतात.

समजा, एक मुलगा चिखलीकडचा, पगार चाळीस हजार. मुलगी मेहकरकडची, पगार चोवीस हजार. घरखर्च वीस हजार. बहुतेक जण निम्मं-निम्मं करून मोकळे होतात. दिसायला न्याय्य, पण तिच्या हातात चौदा हजार उरतात आणि त्याच्या हातात तीस. म्हणून शहाणी माणसं पगाराच्या प्रमाणात वाटणी करतात. पाचास तीन या हिशेबानं त्यानं साडेबारा हजार द्यायचे, तिनं साडेसात.

इथवर ठीक. पण त्याच्या डोक्यावर वडिलांच्या ट्रॅक्टरचा बारा हजारांचा हप्ता आहे. तो म्हणतो, माझा पगार चाळीस कुठला, हप्ता गेला की अठ्ठावीसच. त्याचं म्हणणं खोटं नाही. मात्र अठ्ठावीस आणि चोवीसच्या प्रमाणात वाटणी केली, तर तिचा वाटा सव्वानऊ हजारांच्या जवळ जातो. म्हणजे दरमहा सतराशे रुपये तिच्याकडून जास्त गेले. हे सतराशे भाड्यात दिसत नाहीत, किराण्यात दिसत नाहीत. ते चिखलीजवळच्या वावरात ट्रॅक्टर होऊन फिरत असतात, आणि त्या ट्रॅक्टरच्या कागदावर तिचं नाव कुठंच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. एकत्र राहायच्या आधीचं कर्ज ज्याचं त्याचं. वाटणी पूर्ण पगारावर करायची, हप्ता ज्याचा त्यानं आपल्या उरलेल्या पैशातून भरायचा. तिला मदत करायचीच असेल तर तिनं ती डोळे उघडे ठेवून करावी. पण त्यासाठी आधी कर्ज किती, कोणाचं आणि काय दरानं, हे एकमेकांना खरंखरं सांगितलेलं असायला हवं. एकमेकांचा मोबाईल बघणारी माणसंसुद्धा एकमेकांचं कर्जाचं पासबुक बघत नाहीत.

दर विचारायचा तो यासाठी, की आपल्याकडे अजून ‘शेकडा पाच’ची भाषा चालते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ टक्के. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 9 आणि तारण नसेल तर 12 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. इतर कर्जदारांसाठी ही मर्यादा 15 आणि 18 टक्के. बेकायदा सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तक्रार करणं सोपं असतं असं मी म्हणत नाही. आपल्या खामगावच्या सावकारीचं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. पोलिसांत तक्रार नोंदवून घेण्यात वरून हस्तक्षेप झाला म्हणून न्यायालयानं डिसेंबर 2010 मध्ये राज्य सरकारला दहा लाख रुपये भरायला लावले.

तर त्याच्या घरी शेकडा पाचचं कर्ज चालू आहे आणि इकडे दोघं मिळून मुदत ठेव वाढवतायत, याला बचत म्हणता येत नाही. अशा वेळी तिनं आपल्या शिलकीतून त्याला रक्कम द्यावी, पण उसनी म्हणून. कागदावर, तारखेसह, सहीसह, बँकेतून. अशा वचनचिठ्ठीवर दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, हेही लक्षात ठेवावं. प्रेमात कागद कशाला, असं ज्याला वाटतं, त्यानं बँकेला तसं विचारून बघावं.

सगळ्यात मोठा धोका सहकर्जदार आणि जामीनदाराच्या सहीत आहे. 1872 चा करार कायदा सांगतो, की दोघांनी मिळून कर्ज घेतलं तर कर्ज देणारा कोणाही एकाकडून ते पूर्ण वसूल करू शकतो. निम्मं त्याचं, निम्मं माझं, हे बँकेला ऐकवून उपयोग नसतो. तुम्ही वेगळे झालात, तरी कर्ज वेगळं होत नाही. पूर्ण रक्कम भरणाऱ्याला दुसऱ्याकडून वाटा मागता येतो, पण त्यासाठी कोर्टाची पायरी. जामीनदाराचंही तेच: जबाबदारी कर्जदाराइतकीच.

गावातली गोष्ट आणखी निराळी. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, त्यांत आपला बुलडाणा होता. नवरा गेल्यावर एकटीनं संसार ओढणारी बाई आपल्याकडे नवी नाही, आणि तिनं पुढं कोणाची सोबत स्वीकारली, तर लग्न लावलेलं असतंच असं नाही. मायक्रोफायनान्सचं कर्ज बहुधा बाईच्याच नावावर निघतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत ‘घर’ म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असाही नियम आहे. त्या हिशेबात सोबत राहणारा माणूस बसतच नाही, त्याची कमाई नाही आणि त्याची देणीही नाहीत. पैसे त्याच्या मोटारसायकलला गेले तरी कर्जदार बायकांच्या गटाच्या बैठकीत मान खाली घालून बसायचं ते तिनंच. म्हणून कर्ज कोणाच्या कामाला, हे आधी विचारायचं आणि सही मागाहून.

आता कोर्ट काय म्हणतं ते बघू. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात ‘लग्नासारखं नातं’ धरलेलं आहे, आणि अशा नात्यातल्या स्त्रीला राहत्या घरातून सहजासहजी बाहेर काढता येत नाही. नातं तसं आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं? सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये इंद्रा सर्मा प्रकरणात खुणा सांगितल्या. किती काळ एकत्र राहिले, एकाच घरात होते का, आणि त्यांतच एक खूण पैशांची: एकमेकांना आर्थिक आधार, सामाईक खातं, दोघांच्या नावावरची मालमत्ता. त्या खटल्यातल्या बाईला मात्र संरक्षण मिळालं नाही, कारण पुरुष विवाहित आहे हे तिला माहीत होतं. तरी मला यातली गंमत अशी वाटते, की आपापले पैसे वेगळे राहावेत म्हणून दोघं जो हिशेब लिहून ठेवतात, तोच उद्या ती दोघं एकत्र होती याचा पुरावा ठरू शकतो. तेव्हा भाडेकरार नोंदवताना दोघांची नावं घाला, अनामत कोणी किती भरली ते लिहा. फोनवरून पैसे पाठवताना ‘जूनचं भाडं’ एवढे दोन शब्द टाकायला आळस करू नका. आयकरातही त्याचा उपयोग आहे. नवरा-बायकोतली भेट करमुक्त, पण लग्नाशिवायचा जोडीदार कायद्याच्या दृष्टीनं नातेवाईक नाही. त्याच्याकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर भेट मिळाली तर कर लागू शकतो. घरखर्चाचा वाटा म्हणजे भेट नव्हे, पण तो वाटा होता हे दाखवता आलं पाहिजे.

शेवटी वारसा. हिंदू वारसा कायद्यात लग्नाशिवायच्या जोडीदाराला जागा नाही. पुष्कळ जण म्हणतात, खात्याला नॉमिनी लावलंय, झालं काम. पण ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सांगितलं, की नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीनं पैसे हाती घेतो, इतकंच. जोडीदाराला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र पाहिजेत. ते शक्यतो तुमच्यापेक्षा वयानं लहान बघा.